चेन्सुची मशाल

माशांच्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, पाणी जिथून जाळीतून खाली उतरतं त्याच्या अगदी शेजारी, जोझियानला काहीतरी हललेलं दिसलं आणि काच घासायचा जुना टूथब्रश तिच्या हातून सुटून पाण्यात गेला. शाळेच्या गणवेशातच ती स्टुलावर उभी होती. एक बाही दंडाच्याही वर सरकवलेली, हनुवटी टाकीच्या कडेवर, नाकात तो खारट, ओलसर, किंचित कुजका वास, जो वर्गात शेजारच्या मुलीला येतो की काय म्हणून ती रोज सकाळी हात पुन्हा पुन्हा धुवायची. आणि खरं सांगायचं तर तिचं लक्ष काचेवर नव्हतंच. दुपारच्या वादसभेत आपण कसे बोललो, मागच्या बाकावरच्या पोरीसुद्धा कशा गप्प झाल्या, हे ती मनातल्या मनात परत परत ऐकत होती, दरवेळी थोडं जास्त झकास करून. तेवढ्यात ते हललं. नखाएवढं. दगडाच्या खोबणीत मुरून बसलेलं पातळ बोटांचं एक झुबकं, प्रवाहाबरोबर एकदा इकडे लवलं, एकदा तिकडे. तिथं काही नव्हतं. गेले कित्येक महिने तिथं काही नव्हतं, आणि हे तिच्याइतकं छातीठोकपणे कुणीच सांगू शकलं नसतं, कारण पपा गेल्यापासून ही टाकी तीच घासत आली होती. "तू कोण गं?" तिनं पाण्याला विचारलं, आणि आपलाच आवाज काचेवर आपटून परत आला तेव्हा तिला उगाचच भीती वाटली.

शनिवारी टाकी जाणार होती. सरिना गावचा क्लाइव्ह म्हणून एक माणूस, पांढुरक्या भुवयांचा, हळू बोलणारा, येऊन बघून गेला होता. दगड, मासे, दिवे, पंप, सगळंच्या सगळं तो नेणार होता. ममानं ठरवलं होतं. ममाचं टाकीशी काही वाकडं नव्हतं, तिला सोसत नव्हता तो आवाज. पंपाची अखंड घरघर, भिंतीतून, पलंगाच्या पायातून, उशीतून येणारी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ती घरघर चालू होती आणि तिला कधी ऐकूच आली नव्हती; पपाला मातीत ठेवून घरी आल्यावर एकदम ऐकू यायला लागली. "वाटतं तो तिथंच आहे," ममा म्हणायची. "हात पाण्यात घालून उभा. जेवायला हाक मारावी इतकं खरं वाटतं गं. आणि मग हाक मारायची नाही, हे मला रोज नव्यानं आठवावं लागतं." हे ती भाजी चिरता चिरता म्हणायची, सहज, मीठ संपलंय म्हणावं तसं, आणि जोझियानला काय बोलावं ते कळायचं नाही. शाळेत मात्र तिला सगळं बोलता यायचं. हेच तर होतं सगळ्यात वाईट. पपा असेपर्यंत ती वर्गातली मुखदुर्बळ पोरगी होती, हजेरीलासुद्धा 'येस' म्हणताना जिचे कान लाल व्हायचे ती. पपा गेला आणि काय झालं कुणास ठाऊक, तिचा आवाज फुटला. ती बोलायला लागली, हसवायला लागली, नेटबॉलच्या मैदानावर ओरडायला लागली, बाई म्हणाल्या वा जोझियान, मैत्रिणी म्हणाल्या तू किती बदललीस, आत्या म्हणाली अगदी चेन्सु, हुबेहूब बापच. म्हणजे तो मरायची मी वाट बघत होते का, असं तिच्या मनात यायचं, बसच्या खिडकीशी, डबा उघडताना, भलत्याच वेळी. आणि तो विचार आला की ती आणखी मोठ्यानं हसायची.

चेन्सु ग्रिश्ती साखर कारखान्यात फिटर होता. गाळपाच्या दिवसांत घरी यायचा तो अंगाला काकवीचा वास घेऊन, बूट दारात काढायचा, आणि ममाकडे, पोरीकडे, जेवणाकडे बघायच्या आधी टाकीकडे बघायचा. मॅके गावात टाकीवाल्यांचं एक मंडळ होतं, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी अंगणात जमायचं, आणि तिथली रीत अशी की आपलं प्रवाळ चांगलं वाढलं की त्याचा तुकडा कापायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. उदारपणा म्हणून नव्हे. उद्या आपल्या टाकीत काही बिघडलं, सगळं मेलं, तर दुसऱ्याच्या घरी आपलं काहीतरी जिवंत असावं आणि ते परत मागून आणता यावं म्हणून. सगळे कापायचे, सगळे द्यायचे. चेन्सु बाकी सगळं द्यायचा, पण एक गोष्ट नाही. त्याची मशाल. जोझियानच्या जन्माच्या आधीपासून त्याच्याकडे असलेलं ते प्रवाळ, जाड फांद्यांच्या टोकांना लांबलचक बोटांचे झुबके (मंडळी एकेका झुबक्याला डोकं म्हणायची), प्रत्येक बोट पिकल्या जांभळाच्या रंगाचं आणि बोटाच्या शेंड्याला कोवळ्या मटाराएवढा हिरवा मणी. निळे दिवे लागले की नुसते मणी दिसायचे, बोटं अंधारात जायची, आणि घरात येणारा प्रत्येक माणूस बोलता बोलता थांबायचा. "एक डोकं कापून दे रे, चेन्सु," मंडळी म्हणायची. "हिला मी करवत लावणार नाही," पपा म्हणायचा. "चिकट्या!" "असू दे." आणि तो हसायचा, आणि बाही वर करून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालायचा, आणि मशालीची बोटं त्याच्या मनगटाला लागू नयेत म्हणून मनगट असं वळवायचा, जसं झोपलेल्या पोराच्या अंगाखालून कुणी हात काढून घेतं.

तो गेला कारखान्याच्या आवारात, गाडीचं दार उघडताना. आणि मग तो आठवडा. सिडनीहून आत्या, मेलबर्नहून चुलते, शेजारणींनी आणलेले चीज भरलेले गरम, पापुद्र्यांचे पस्तित्सी, ओव्हनच्या जाळ्यांवर, खुर्च्यांवर, टाकीच्या झाकणावरसुद्धा ठेवलेले ट्रे. जप, रडणं, कुणाचं तरी मूल दर पाच मिनिटांनी माशांच्या नावानं किंचाळणारं. त्या गर्दीत टाकीच्या बाजूच्या बाटलीतली चुन्याची निवळी संपली. त्या निवळीचा थेंब थेंब पाण्यात पडत राहतो तेव्हा प्रवाळांना हाडं करायला चुना मिळतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बाटली भरायचं कुणालाही सुचलं नाही. पाणी आटलं, मीठ चढलं. सगळे पाहुणे गेल्यावर, घर एकदम मोठं झाल्यावर, जोझियाननं टाकीत बघितलं तेव्हा मशालीवरून तपकिरी बुळबुळीत काहीतरी गळत होतं, शेंबडासारखं, आणि त्याच्या खालून पांढरी हाडं दिसत होती. बाकीचं सगळं जगलं. तेवढंच मेलं. ममानं तो सांगाडा काढला, कपडे धुवायच्या टबात ब्लीच ओतून त्यात भिजत घातला, आणि तो दुधासारखा शुभ्र झाल्यावर तिनं तो पपाच्या कबरीवर नेऊन ठेवला, दगडात बसवलेल्या त्याच्या फोटोच्या खाली. "फुलं सुकतात," ती म्हणाली. "हे नाही सुकणार." नाना, म्हणजे पपाची आई, ते बघून इतकी रडली की तिला धरून गाडीत बसवावं लागलं. त्या सबंध दिवसांत ममानं केलेली ती एकच गोष्ट होती जी तिनं स्वतःहून केली, कुणी सांगितलं म्हणून नाही. आणि त्यानंतर ती जेवायला लागली.

"काय बघतेयस एवढं?" दारातून ममा. ती शाळेच्या कँटीनमधून नुकतीच आली होती, केसांची जाळी अजून डोक्यावरच.

"काही नाही. म्हणजे, आहे काहीतरी. इकडे ये."

ममानं चष्मा लावला आणि काचेला नाक टेकवलं. तिच्या श्वासानं काचेवर धुक्याचं वर्तुळ आलं, गेलं, पुन्हा आलं. "जोझी," ती शेवटी म्हणाली, "हे त्याचं आहे का?"

"काय माहीत. काचफूल पण असेल." काचफूल म्हणजे टाकीवाल्यांचा शत्रू, दगडाबरोबर चोरून येणारा उपटसुंभ, लहानपणी अगदी प्रवाळाच्या पिल्लासारखा दिसतो, आणि राहू दिला की वर्षभरात सगळ्या टाकीभर होतो. पपा त्यांना सुईनं लिंबाचा रस टोचून मारायचा.

"शोधून काढ," ममा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तू हुशार आहेस, शोधून काढ. त्याचं असलं तर ही टाकी कुठ्ठं जात नाही. क्लाइव्हला मी सांगते, बाबा, माफ कर म्हणून. घरघर तर घरघर." आणि मग, चष्मा काढता काढता, अगदी वेगळ्या आवाजात: "पण त्याचं कसं असेल? ती तर मेली होती ना?"

"मेली होती की."

"हां. मेलीच होती," ममा म्हणाली आणि केसांची जाळी काढायला आत गेली.

जोझियानच्या अंगात आता वारं शिरलं होतं. ओळख पटवायची! तिनं पाण्यात हात घातला आणि काडीनं त्या झुबक्याला हळूच हात लावला, म्हणजे काडी लावली. काचफूल असतं तर सुळकन भोकात गेलं असतं, दिसेनासं झालं असतं. हे आक्रसलं, पण गेलं नाही. आक्रसल्यावर त्याच्या बुडाशी कडा दिसली, पांढरी, पातळ, कापलेल्या नखासारखी कडक कडा. हाड! स्वतःचं हाड करत होतं ते. संध्याकाळी निळे दिवे लागल्यावर तिनं पपाच्या खणातून नारिंगी गोळीचा आरपार दिसणारा कागद काढला (निळ्या उजेडात फोटो काढायचा तर फोनच्या डोळ्यावर तो धरावा लागतो, नाहीतर सगळी निळी भुतं येतात, पपा त्यासाठी गोळ्या खायचा आणि दात किडले म्हणून दिव्यांना शिव्या द्यायचा) आणि श्वास रोखून फोटो काढला. मग तो बोटांनी मोठा केला. मोठा केला. आणखी. काचफुलाची बोटं शेंड्याला टोकदार असतात. या बोटांच्या शेंड्यांना मणी होते. मोहरीएवढे, पण मणी. हिरवे. आणि बोटं जांभळी. तिला वाटलं आता आपण रडणार, पण ती हसली, एकटीच, त्या निळ्या उजेडात, तोंडावर हात ठेवून. ममाला लगेच सांगावंसं वाटलं. पण नोरीनला विचारून, पक्कं करून, मग सांगू. कच्ची बातमी देऊन मग ती खोटी निघाली तर ममाचं काय होईल.

नोरीनचं दुकान बंदराच्या रस्त्यावर होतं आणि नोरीन म्हणजे मंडळाचं सगळं काही, साठीची, राकट, सिगारेटनं घासलेल्या आवाजाची बाई, जिला पपानं आयुष्यभर चिडवलं आणि जी त्याच्या शवपेटीपाशी सगळ्यात मागे उभी राहून सगळ्यात मोठ्यानं रडली होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर जोझियान तिथं गेली तेव्हा ती कोलंब्यांच्या पिशव्या फ्रीजरमध्ये कोंबत होती.

"आली आमची वकीलसाहेबा!" नोरीन म्हणाली. "ऐकलं मी, वादात पोरांना पाणी पाजलंस म्हणून. बापासारखीच तोंडाळ. बोल."

जोझियाननं फोन पुढे केला. नोरीननं हात पुसले, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, तो खाली ओढला, आणि फोटो डोळ्यांजवळ धरला.

"हरामखोर," ती हळूच म्हणाली. फोटोला. "चेन्सु, हरामखोरा. एक डोकं दे म्हणून वीस वर्षं पाया पडले तुझ्या, आणि आता हे."

"मशालच आहे ना?"

"मशालच आहे ना म्हणे! अगं, हे मणी जगात दुसऱ्या कुणाकडे आहेत? असं होतं कधी कधी. पाणी बिघडलं, आता काही खरं नाही असं वाटलं की यातलं एखादं डोकं स्वतःचं घर सोडतं. सुटतं आणि तरंगत निघून जातं. बहुतेक मरतात. एखादं कुठंतरी चिकटतं आणि नव्यानं हाड घालतं." तिनं नाक ओढलं. "आईला सांगितलंस, कोन्सीला? नाचेल ती. आणि हे बघ, हे एक नाहीये. सांगाडा कुठंय?"

"सांगाडा?"

"जुना सांगाडा. टाकीतच ठेवलाय ना? कुणी काढला नाही ना? अगं, तो वरून मेलेला दिसतो फक्त. मांस आत खोल, भेगांमध्ये दडून बसतं. महिने महिने काही नाही आणि मग एक दिवस एकेका फांदीतून बारकी बारकी डोकी. एक जर असं जगलं असेल, तर त्या सांगाड्यात निदान डझनभर तरी..." आणि नोरीन थांबली, कारण तिनं जोझियानचं तोंड बघितलं.

दुकानातले सगळे पंप एकदम ऐकू यायला लागले.

"टाकून दिला?" नोरीननं विचारलं.

"नाही. ब्लीचमध्ये घातला. कबरीवर ठेवलाय."

"कुणी, कोन्सीनं?"

जोझियाननं मान हलवली.

"अरे देवा," नोरीन म्हणाली, आणि सिगारेट काढून पेटवायला निघाली आणि दुकानात आहोत हे आठवून ती नुसतीच हातात धरून बसली. "हे बघ पोरी, तिला काय माहीत! तिनं प्रेमानं केलं. तू असं कर, नुसतं सांग की एक डोकं सुटून आलं. सांगाड्याचं नाव काढू नकोस. मी तर मेले तरी बोलणार नाही."

"ती विचारेल," जोझियान म्हणाली. "काल विचारलंच तिनं." आणि तेव्हाच तिला कळलं की ममानं काल चष्मा काढताना आवाज का बदलला. कारण एकदा, जोझियान लहान असताना, पपानं एक मेलेलं प्रवाळ टाकीच्या कोपऱ्यात तसंच ठेवलं होतं, पांढरं, शेवाळलेलं, घाणेरडं, आणि ममानं त्याला किती चिडवलं होतं, काय रे मढं सांभाळतोस, फेक की, आणि पपा म्हणाला होता, थांब कोन्सी, मेलंय की नाही ते आपण ठरवायचं नसतं. आणि कधीतरी, नाताळच्या आसपास, त्यातून तीन डोकी आली होती. ममानंच पहिल्यांदा बघितली होती ती. ममाला ते आठवत होतं. ममा कालपासून एकाच वेळी आशा आणि भीती धरून बसली होती आणि दोन्हीचं उत्तर एकच होतं.

घरी जायला बस होती पण जोझियान चालत निघाली. उसाच्या शेतांवरून येणारा गरम वारा, रस्त्याच्या कडेला आंब्याच्या झाडाखाली उलटी लटकलेली वटवाघळं, कुणाच्या तरी अंगणातलं गवत कापायचं यंत्र. तिनं मनात वाद मांडला, जसा शाळेत मांडायची. सांगितलं तर टाकी राहते. पपाचं काहीतरी घरात राहतं, वाढतं, एक डोकं, दोन डोकी, जांभळं, हिरवं. आणि ममा रोज त्याच्यासमोर उभी राहते आणि तिला रोज तो टब दिसतो, ते ब्लीच, आपला रबरी हातमोजा, आणि त्या सांगाड्यात डझनभर जीव. 'हे नाही सुकणार.' मग ती जेवेल का? दुसरी बाजू: सांगितलं नाही. हे त्याचं नाही म्हटलं. पण मग टाकी तरी ठेवता येईल का? नाही, तीही नाही, कारण ते वाढणार. आज मोहरीएवढा मणी आहे, उद्या मटाराएवढा होईल, आणि ममा काही आंधळी नाही. ते जगलं तर घरात राहू शकत नव्हतं. आणि ते जगायलाच हवं होतं. शाळेत वाद संपला की घंटा वाजते, कुणीतरी टाळ्या वाजवतं. इथं ती नुसती चालत राहिली, दफ्तराचा पट्टा खांद्याला रुतत होता, आणि घर आलं.

ममा दारातच उभी होती. "काय म्हणाली नोरीन?"

"काही नाही गं," जोझियान म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून ती थक्क झाली; मोकळा, थोडा कंटाळलेला, वर्गातला आवाज, ज्यावर सगळे विश्वास ठेवायचे. "ते वेगळंच आहे. फालतू जात आहे, दगडातून आलेली. नोरीन म्हणाली सगळ्यांच्या टाकीत येतं."

"त्याचं नाही?"

"नाही."

ममाचे खांदे खाली आले. त्यात काय होतं ते जोझियानला त्यानंतर कित्येक दिवस उलगडलं नाही. सुटका होती की दुसऱ्यांदा कुणी मेलं होतं. ममा वळली, खुर्चीवर बसली, टेबलावरचे चणे उगाच एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतले. मग म्हणाली, "बरं, तुला हवी आहे का टाकी? तुझ्यासाठी म्हणून ठेवू. तू एवढं करतेस तिचं. मी कानात कापूस घालीन."

हे तिनं वादात धरलंच नव्हतं. "नको," ती म्हणाली.

"नको?"

"कंटाळा आलाय मला. रोज रोज काच घासायची. नेटबॉल आहे, अभ्यास आहे. जाऊ दे की. शनिवारी नेऊ दे त्याला."

ममानं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं. कुठल्यातरी दुकानात ओळखीचा चेहरा दिसावा आणि जवळ गेल्यावर तो दुसराच कुणी निघावा तसं. "बरी सावरलीस तू," ती म्हणाली. "देवाची कृपा. मी नानाला म्हणते पण, पोरगी बरी सावरली." आणि ती उठून चुलीकडे गेली. जोझियान टाकीपाशी जाऊन उभी राहिली, पण त्या कोपऱ्याकडे तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर ममानं बघितलं असतं.

शनिवारी क्लाइव्ह बादल्या, फोमचे खोके आणि एक बॅटरीवरचा पंप घेऊन आला. मासे पकडता पकडता दुपार झाली. सगळ्यात शेवटी जोझियाननं तो दगड स्वतः उचलला, पाण्याखालीच पिशवीत सरकवला, हवेचं एक बोट लागू दिलं नाही, आणि ती क्लाइव्हच्या मागोमाग गाडीपर्यंत गेली. ममा आत फरशी पुसत होती.

"हा वेगळा ठेव," जोझियान म्हणाली. "बाकीच्या दगडांत नको टाकूस."

"का, काय आहे त्यावर?" क्लाइव्हनं पिशवी उन्हाकडे धरली.

"उन्हात धरू नकोस! झाक. हे बघ, आधी खाली ठेवायचं, सावलीत, पहिले काही दिवस. मग हळूहळू वर. एकदम दिव्याखाली नाही. आणि पाण्याचा झोत थेट नको, पण वारा लागावा तसं हललं पाहिजे, नुसतं उभं राहिलं तर समज की झोत कमी आहे, आणि एकाच बाजूला लवलं तर जास्त आहे. आजूबाजूला हातभर काही ठेवू नकोस, हे मोठं झाल्यावर शेजाऱ्याला डसतं. तुझ्याकडे तो चोचवाला मासा आहे ना?"

"आहे."

"त्याच्याबरोबर नाही. तो टोचतो. कोलंबी द्यायची, पण राईएवढी, अगदी राईएवढी, आणि त्यानं ती आपल्या बोटांनी धरून तोंडाकडे नेईपर्यंत पंप बंद ठेवायचा. घाई करायची नाही. आक्रसलं तर घाबरायचं नाही, ते घाबरतं पण मरत नाही. चुन्याची निवळी संपू द्यायची नाही. घरात काहीही होऊ दे. कुणीही येऊ दे, कुणीही जाऊ दे, बाटली आधी भरायची. कळलं? आणि मोठं झालं, दोन डोकी झाली की एक कापून नोरीनला दे. नक्की दे. स्वतःकडेच ठेवू नकोस."

क्लाइव्हनं पिशवी खोक्यात ठेवली, वर ओला टॉवेल घातला, आणि त्या पांढुरक्या भुवयांखालून तिच्याकडे बघितलं. "फालतू जात आहे असं म्हणाली ना मगाशी तुझी आई?"

"हो."

"हं," तो म्हणाला. तो आणखी काहीतरी विचारणार होता, मग त्यानं विचारलं नाही. खोकं मागे न ठेवता पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा फार सावकाश वळली.

आत आल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. कानावर कुणीतरी हात ठेवावेत तशी. जिथं टाकी होती तिथं भिंतीचा रंग वेगळा होता, ताजा, पिवळसर, लग्नाच्या वेळचा. ममा बादलीपाशी उभी होती, हातात पंचा. दोघीही काही ऐकत असल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"गेलं?"

"गेलं."

"जोझी," ममा म्हणाली. ती भिंतीकडे बघत होती. "त्याचं नव्हतं ना ते? नक्की?"

"नक्की," जोझियान म्हणाली. आवाज फुटला नाही. तिला वाटलं होतं, आता फुटेल.

ममानं मान हलवली, एकदा, मग पुन्हा. मग ती जवळ आली आणि तिनं जोझियानचा ओला हात खांद्यापाशी धरला, आणि पंच्यानं तो पुसायला लागली. दंड, कोपर, मनगट, एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, जिथं मीठ वाळून पांढरं झालं होतं. दोघीही एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. हात कधीच कोरडा झाला होता, तरी ममा पुसत राहिली.